हायब्रिड मोटारगाडीच्या ब्रेकमधील आवाज : कारणमीमांसा आणि निदान

सारांश : हायब्रिड गाडीत वेग कमी करण्याचे काम विद्युत मोटर आणि घर्षणावर चालणारा ब्रेक या दोघांत वाटलेले असते. त्यामुळे ब्रेकमधून येणाऱ्या आवाजाचे रूढ अर्थ या गाड्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. साध्या गाडीतील ब्रेक वापरामुळे झिजतो. हायब्रिड गाडीतील ब्रेक पुष्कळदा वापराअभावी बिघडतो. प्रस्तुत लेखात ब्रेकचे किंचाळणे आणि खरखरणे या दोन तक्रारींची कारणे तपासून निदानाचा एक क्रम मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : हायब्रिड गाडी, पुनर्जनक ब्रेक, घर्षण, गंज, कॅलिपर, निदान.

प्रास्ताविक

गाडीचा ब्रेक वाजू लागला की ‘लायनर संपले’ हे निदान बहुधा चाक न उघडताच केले जाते. साध्या पेट्रोल वा डिझेल गाडीच्या बाबतीत ते अनेकदा खरेही ठरते. कारण तेथे प्रत्येक वेळी वेग कमी करताना पॅड डिस्कवर घासतो, झिजतो आणि शेवटी वाजतो. हायब्रिड गाडीचा मालक हेच गणित मनात धरून कार्यशाळेत जातो, तेव्हा त्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले म्हणजे, पॅडची जाडी निम्म्याहून अधिक शिल्लक आहे, तेव्हा आवाजाकडे दुर्लक्ष करावे. दुसरे म्हणजे, आवाज येतो आहे, तेव्हा पॅड बदलून टाकावेत. ही दोन्ही उत्तरे चुकीची असू शकतात, आणि त्यांतील पहिले धोक्याचेही ठरू शकते.

टोयोटा कंपनीची प्रियस ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली आणि २००० पासून इतर देशांत पोहोचली. भारतात होंडा सिव्हिकची हायब्रिड आवृत्ती २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. परंतु त्या काळी या गाड्या किमतीमुळे मोजक्याच लोकांपुरत्या राहिल्या. २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, मारुती सुझुकी ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस सादर झाल्यानंतर हे तंत्र मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वाहनतळापर्यंत येऊन पोहोचले. म्हणजेच ज्या प्रश्नाचा अनुभव इतर देशांतील प्रियसचालकांनी वीस-पंचवीस वर्षे घेतला, तो आता मुंबई-पुण्यात आणि कोकणपट्टीतही उभा राहू लागला आहे. येथील विवेचनात प्रियसचा आधार वारंवार घेतला आहे तो याच कारणाने. सर्वांत दीर्घ अनुभव त्या गाडीचा आहे.

एक पेडल, दोन ब्रेक

हायब्रिड गाडीत चालकाच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते; त्याच्या आज्ञेत मात्र दोन वेगळ्या यंत्रणा असतात. पेडल हलके दाबले असता विद्युत मोटर जनित्रासारखी फिरू लागते, चाकांची गतिज ऊर्जा विजेत रूपांतरित होते आणि ती बॅटरीत साठते. यास पुनर्जनक ब्रेक असे म्हणतात. या अवस्थेत पॅड डिस्कला जवळजवळ दाबलेलेच नसतात. पेडल जोरात दाबले, बॅटरी भरलेली असली, चाक घसरू लागून एबीएस कार्यान्वित झाली किंवा गाडीचा वेग फारच उतरला, तर काम घर्षणाच्या ब्रेककडे जाते. किती भार कोणी उचलावयाचा हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसपासून या गाड्यांत पेडल आणि चाकाजवळील ब्रेक यांचा संबंध नेहमीच्या परिस्थितीत थेट राहिला नाही. पेडलने विनंती करावयाची आणि संगणकाने पंपाच्या दाबातून ती पुरी करावयाची, अशी रचना झाली.

या वाटणीचा परिणाम किती मोठा आहे हे साध्या आकडेमोडीने दिसते. १४०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किमी वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ९४ हजार जूल असते. ताशी १० किमी वेगाला तीच ऊर्जा सुमारे ५ हजार ४०० जूल, म्हणजे छत्तिसाव्या भागाइतकी उरते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. प्रियससारख्या गाडीत सावकाश थांबताना पुनर्जनक ब्रेक साधारण ताशी १० किमीच्या आसपास माघार घेतो आणि घर्षणाचा ब्रेक पुढे येतो. अर्थात चालक संयमी असेल, तर डिस्क आणि पॅड यांच्या वाट्याला मूळ ऊर्जेच्या तीन टक्क्यांहूनही कमी काम येते. प्रत्यक्षात प्रत्येक थांबा इतका सौम्य नसतो, हे खरे. तरीही पॅड लाखाहून अधिक किलोमीटर टिकल्याचे अनुभव सांगितले जातात त्यात अतिशयोक्ती मानण्याचे कारण नाही.

दोन ब्रेकांमधील हा हस्तांतरणाचा क्षण नाजूक असतो. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने जगभरातील सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस कार्यान्वित होताच ब्रेकची पकड क्षणभर सुटल्यासारखी वाटते, ही त्यामागील तक्रार होती आणि उपाय संगणकाच्या आज्ञावलीत बदल हा होता. आवाजाच्या तक्रारीही बहुधा याच सांध्यावर ऐकू येतात. ‘गाडी थांबता थांबता, शेवटच्या दोन-चार मीटरांत वाजते’ हे हायब्रिडचालकाचे ठराविक वाक्य आहे. त्याचा अर्थ दोष शेवटच्या दोन-चार मीटरांत निर्माण होतो असा नसून, घर्षणाचा ब्रेक तेवढाच वेळ कामावर असतो, असा आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मंद वेगात हायब्रिड गाडीचे इंजिन बहुधा बंद असते. साध्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेला असता असा बारीक आवाजही या शांततेत स्पष्ट ऐकू येतो. परिणामी निरुपद्रवी आवाजांच्या तक्रारी वाढतात, त्या तक्रारींना कंटाळून कार्यशाळेतील माणसे ‘हायब्रिडमध्ये असे व्हायचेच’ असे सांगू लागतात, आणि या सरसकट समजुतीच्या आड खरा दोष लपून राहतो.

किंचाळणे

महाविद्यालयातील अध्यापकास ब्रेकचे किंचाळणे समजण्यासाठी कार्यशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. नवा लांब खडू फळ्यावर विशिष्ट कोनात धरला की तो किंचाळतो. तोच मोडून अर्धा केला की बहुधा गप्प होतो. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, ताण वाढताच सुटतो, पुन्हा चिकटतो. आणि या चिकटण्या-सुटण्याची लय खडूच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की आवाज उमटतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही तत्त्व हेच असते. ब्रेकमध्ये डिस्क ही तारेच्या जागी आणि पॅड गजाच्या जागी असतो, एवढाच फरक.

घर्षणगुणांक वेगानुसार बदलतो म्हणून ब्रेक वाजतो, असे पूर्वी मानले जात असे. १९६१ मध्ये स्पर या अभियंत्याने दाखवून दिले की घर्षणगुणांक स्थिर असला तरीही केवळ स्पर्शाच्या भूमितीमुळे, म्हणजे पॅड डिस्कला कोणत्या कोनातून टेकतो यामुळे, कंपने वाढत जाऊ शकतात. पुढील संशोधनात डिस्क, पॅड आणि कॅलिपर यांची कंपने एकमेकांत गुंतण्याचा विचार आला. निदानाच्या दृष्टीने यातील मोलाचा भाग असा की, किंचाळणे हा झिजेचा पुरावा नाही. तो अस्थिर स्पर्शाचा पुरावा आहे. पॅड नवाकोरा असूनही किंचाळू शकतो. त्याची किनार तिरपी घासलेली नसणे, त्याच्या पाठीमागची आवाजरोधक पातळ पट्टी निसटलेली असणे, तो ज्या खाचेत सरकतो तेथील वंगण वाळून जाणे, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते.

साधारणपणे १ हजार ते १६ हजार हर्ट्झ या पट्ट्यातील आवाजास किंचाळणे म्हटले जाते. मानवी कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या दरम्यान सर्वाधिक तीक्ष्ण असल्याने अत्यल्प ऊर्जेचे कंपनही रस्त्यावरील माणसाला वळून पाहावयास लावते. आवाजाचा मोठेपणा आणि दोषाचे गांभीर्य यांचा येथे फारसा संबंध नसतो. या नियमाला महत्त्वाचा अपवाद एकच. अनेक पॅडना पोलादाची एक छोटी जीभ लावलेली असते. घर्षण-थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम वाजते. ती निर्मात्याने दिलेली सूचना होय. हा आवाज सहसा चाक फिरत असताना सतत येतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो.

हायब्रिड गाडीत किंचाळण्याचे आणखी एक कारण संभवते. पॅड वारंवार अगदी हलकेच, कमी तापमानाला घासला गेला की त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि कठीण होतो. नव्या पॅडचा द्रव्यथर डिस्कवर समान बसण्यासाठी आरंभीच्या प्रवासात काही वेळा मध्यम जोराने, पुरेशी उष्णता निर्माण होईल असे ब्रेक लागणे जरूर असते. हायब्रिडमध्ये ती उष्णता मोटर हिरावून नेते आणि विजेच्या रूपाने बॅटरीत भरते. त्यामुळे नवे पॅड बसवूनही महिनाभर किंचाळणाऱ्या गाडीत पॅडचा दर्जा वाईटच असेल असे नाही. ते पॅड अद्याप ‘बसले’च नसण्याची शक्यता बरीच असते.

गंज : निष्क्रियतेचा रोग

डिस्क बहुधा राखाडी बिडाची असते. हे बीड उष्णता उत्तम वाहते, कंपने शोषते आणि स्वस्त असते. फक्त ते गंजते. पावसात भिजलेल्या कोणत्याही गाडीच्या डिस्कवर दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस थर दिसतो. साध्या गाडीत तो पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये पुसला जातो. हायब्रिड गाडीत तो पुसण्याइतके घर्षणच होत नाही. आजचा थर उद्यावर, उद्याचा परवावर चढत जातो आणि थोड्याच काळात पुसता येणारी तांबूस छटा जाऊन तेथे खड्डे पडलेला, खरखरीत पृष्ठभाग उरतो.

हवेत क्षार असतील तर ही क्रिया वेगाने घडते. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ पसरतात. तेथील हायब्रिड गाड्यांच्या ब्रेकमध्ये गंज ही नित्याची बाब आहे. महाराष्ट्रात रस्त्यावर मीठ पडत नाही, पण जून ते सप्टेंबर हे चार महिने कोकण आणि मुंबईची खारी, ओली हवा तेच काम करते. घाटमाथ्यावरील कोरड्या भागात चालणाऱ्या गाडीचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करणे योग्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या डिस्कची जी अवस्था झाली, ती या रोगाची घाईने घडलेली आवृत्तीच होती.

डिस्कवरचा गंज निदान दिसतो तरी. त्याहून कपटी गंज दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे पॅडच्या पोलादी पाठीवर. तेथे गंजाचा थर फुगत जाऊन घर्षण-थराला पाठीपासून उचलतो. थर जाड असूनही तो तुकड्यातुकड्याने निखळू शकतो. दुसरी जागा कॅलिपरच्या सरकत्या पिना. बहुतेक गाड्यांत दट्ट्या डिस्कच्या आतल्या बाजूला असतो आणि संपूर्ण कॅलिपर या पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजून किंवा वंगण सुकून अडकल्या की आतला पॅड एकटाच काम करतो आणि एकटाच झिजतो. अलॉय चाकाच्या आऱ्यांतून डोकावून जो पॅड दिसतो तो बाहेरचा. तो जाड दिसतो, पाहणारा निश्चिंत होतो आणि आत मात्र पोलाद डिस्कला टेकलेले असते. चाक न काढता केलेली ब्रेकची तपासणी या गाड्यांत निरर्थक आहे, असे म्हणावे लागते ते यासाठीच.

मागील चाकांवर झाकलेले ड्रम असतील, तर पावसाचे पाणी घर्षणपृष्ठापर्यंत कमी पोहोचते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसला मागे ड्रम होते. फोक्सवॅगनने तर आपल्या आयडी.४ या संपूर्ण विद्युत गाडीला मागे ड्रम बसवले. जुने म्हणून हिणवले गेलेले तंत्र पुनर्जनक ब्रेकच्या युगात असे पुन्हा उपयोगी ठरले. मात्र ओली गाडी हातब्रेक ओढून दीर्घकाळ उभी केली, तर ड्रममधील लायनर ड्रमला चिकटतात आणि गाडी हलवताना ‘खट्’ असा आवाज होऊन सुटतात.

खरखर

खरखर हा किंचाळण्याचा मोठा भाऊ नव्हे. त्याची जातच निराळी. किंचाळणे हे कंपन आहे, खरखर हे प्रत्यक्ष खरवडणे आहे. तिचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला असतो आणि पुष्कळदा पेडलमधून पायालाही जाणवतो. किंचाळणारा ब्रेक लाज आणतो, पण सहसा थांबवतो. खरखरणारा ब्रेक थांबवील याची खात्री नसते.

सकाळी पहिल्या दोन-तीन थांब्यांपुरती येऊन नाहीशी होणारी खरखर ही वरवरच्या गंजाची असते आणि ती चिंतेची बाब नव्हे. गाडी तापल्यावरही टिकून राहणारी खरखर मात्र चाक उघडल्याशिवाय सोडू नये. तिच्यामागे डिस्कवरचे खोल खड्डे, कडेला वाढलेली गंजाची कंगोरी, निखळलेला घर्षण-थर किंवा उघडे पडलेले पोलाद यांपैकी काहीतरी असते. डिस्क आणि तिच्या पाठीमागील पातळ पत्रा यांत खडा अडकूनही भयानक खरखर होते. ती ब्रेक न दाबताही येते आणि खडा पडताच थांबते. खडीच्या रस्त्यावरून आल्यानंतर अचानक सुरू झालेल्या आवाजात हा संशय आधी घ्यावा.

खरखरीची लय हीदेखील साक्ष देते. १५ इंची रिमवरील सर्वसाधारण टायरचा परीघ जवळपास २ मीटर असतो. ताशी ७ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २ मीटर या गतीने जाताना चाक सेकंदाला एक फेरा पुरा करते. या वेगाला सेकंदाला एकदा ‘खस्’ असा आवाज येत असेल, तर दोष डिस्कच्या एकाच जागी आहे. बहुधा गाडी ओली उभी असताना पॅडखालच्या भागावर उमटलेला गंजाचा ठसा. अखंड खरखर असेल, तर दोष डिस्कच्या पूर्ण घेरावर किंवा पॅडमध्ये शोधावा.

जे आवाज ब्रेकचे नाहीत

चालकाने ब्रेक दाबला असता आवाज आला, एवढ्यावरून तो ब्रेकचा ठरत नाही. पुनर्जनक ब्रेक काम करीत असताना मोटर आणि तिचे विद्युत नियंत्रक बारीक शिट्टीसारखा सूर काढतात. हा सूर वेग उतरेल तसा खाली उतरत जातो. डिस्कच्या किंचाळण्याचा सूर तिच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी बांधलेला असल्याने वेग बदलला तरी जवळपास तोच राहतो. हा एक भेद कानाला पटला की निम्मे काम होते.

प्रियसचे दार उघडताच काही सेकंद ऐकू येणारी गुणगुण ही ब्रेकच्या पंपाची असून ती स्वाभाविक आहे. गाडी उभी असताना, पेडलला पायही न लावता पंप थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर मात्र दाब साठवणाऱ्या भागातून गळती होत असल्याची शंका येते आणि ती तक्रार घर्षण-आवाजाहून गंभीर आहे. जून २०१३ मध्ये सुमारे २ लाख ४२ हजार प्रियस आणि लेक्सस गाड्या परत बोलावण्यात आल्या त्या दाबसंचयकात चीर पडून वायू ब्रेकच्या द्रवात मिसळण्याच्या शक्यतेमुळे.

मंद वेगात पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी या गाड्या मुद्दाम कृत्रिम गुंजन करतात. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमात ताशी २० किमीपर्यंतच्या वेगासाठी अशा आवाजाची तरतूद आहे. योगायोग असा की घर्षणाच्या ब्रेकचे कामही याच वेगमर्यादेत चालते, त्यामुळे नव्या मालकांचा गोंधळ होतो. चाकाचे बेअरिंग खराब झाल्यास येणारी घरघर ब्रेकशी न बदलता वळणावर बदलते. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, त्या वेळी ती वाढली तर उजवे बेअरिंग तपासावे.

निदानाचा क्रम

या सर्व विवेचनावरून निदानाचा पहिला प्रश्न ‘आवाज कसला?’ हा नसून ‘आवाज येतो त्या क्षणी कोणता ब्रेक काम करतो आहे?’ हा असावा, हे स्पष्ट होईल. त्याचे उत्तर मिळविण्याचा एक सोपा मार्ग आहे. प्रियससारख्या गाड्यांत गिअर ‘न्यूट्रल’मध्ये असताना पुनर्जनक ब्रेक बंद असतो आणि पेडल दाबल्यास सारे काम घर्षणाचा ब्रेक करतो. सपाट, सरळ आणि पूर्णपणे मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किमी वेगाने जाताना न्यूट्रल निवडून हलका ब्रेक लावावा, नंतर हीच कृती ‘ड्राइव्ह’मध्ये करावी. ड्राइव्हमध्ये केवळ शेवटच्या क्षणी येणारा आवाज न्यूट्रलमध्ये आरंभापासूनच येऊ लागला, तर तो घर्षणाच्या ब्रेकचा. ड्राइव्हमध्ये वरच्या वेगाला येणारा आवाज न्यूट्रलमध्ये नाहीसा झाला, तर तो मोटरकडचा. दोन्हीत सारखाच आणि ब्रेक न दाबताही येत असेल, तर बेअरिंग, अडकलेला खडा किंवा न सुटणारा पॅड. ही चाचणी उतारावर किंवा रहदारीत कदापि करू नये.

घाट हे दुसरे निसर्गदत्त चाचणीस्थान. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना बॅटरी भरत जाते. ती पुरती भरली की वीज ठेवण्यास जागा उरत नाही आणि घर्षणाच्या ब्रेकवर अकस्मात भार येतो. प्रियसमधील ‘बी’ हे स्थान अशा वेळी इंजिनाच्या रोधाने गाडी आवरण्यासाठीच दिलेले आहे. माथ्यावर शांत असलेला ब्रेक पायथ्याशी वाजू लागला, तर मालकाला गाडी ‘घाटात बिघडली’ असे वाटते. वस्तुतः महिनोन्‌महिने झोपलेला ब्रेक घाटाने जागा केलेला असतो.

अशा फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन, डिस्कला स्पर्श न करता, उष्णतेची तुलना करावी. एकच चाक ठळकपणे अधिक तापले असेल, तर तेथील पॅड सुटत नाही. त्यानंतरच चाके काढावीत. आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळे मोजावेत, पिना हाताने सरकतात की नाही पाहावे, दट्ट्यावरचे रबर फाटलेले आहे का पाहावे, डिस्कच्या दोन्ही बाजूंवर बोट फिरवावे. एकाच चाकाच्या दोन पॅडांत लक्षणीय फरक आढळला, तर पॅड हा रोग नसून पिना हा रोग आहे. नुसते पॅड बदलल्यास काही महिन्यांत तीच गाडी त्याच तक्रारीसाठी परत येते.

दुरुस्ती आणि दक्षता

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये वाजणारा पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवण्याची पद्धत आहे. चकाकी आलेल्या पॅडचा आवाज याने काही दिवस थांबतो. अडकलेल्या पिनांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. पिनांना उष्णता सोसणारे, रबराला अपाय न करणारे सिलिकॉनयुक्त ग्रीसच लावावे. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते आणि पिना पूर्वीपेक्षा घट्ट अडकतात. घर्षणपृष्ठावर तेल किंवा वंगणाचा फवारा मारून आवाज बंद करणे हा तर ब्रेकच बंद करण्याचा प्रकार होय. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली जाता येत नाही.

या कामात एक धोका साध्या गाडीत नसलेला आहे. प्रियससारख्या गाड्यांत दार उघडणे किंवा पेडलला धक्का लागणे एवढ्यानेही ब्रेकचा संगणक जागा होऊन पंप दाब निर्माण करू शकतो. त्या वेळी कारागिराची बोटे उघड्या कॅलिपरमध्ये असतील, तर ती दट्ट्याखाली चिरडतात. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे यंत्रणा निष्क्रिय केल्याखेरीज कॅलिपरला हात लावू नये. विद्युत हातब्रेक असलेल्या गाडीत मागचे दट्टे यंत्राद्वारे मागे घ्यावे लागतात. पकडीने दाबल्यास आतील मोटर तुटते.

हे सारे करण्याची निकड कोठे आहे, ते आणीबाणीच्या क्षणी कळते. रस्त्यावर अचानक मूल आडवे आले आणि चालकाने पेडल तळापर्यंत दाबले, तर पुनर्जनक ब्रेक एकट्याने पुरा पडत नाही. चाक घसरू लागताच तो बाजूला होतो. त्या क्षणी गाडी थांबवावयाची असते ती वर्षभर फारसे काम न केलेल्या, कदाचित गंजलेल्या, कदाचित एकाच पॅडवर चालणाऱ्या ब्रेकने. बाकीच्या दिवशी मोटरने निभावून नेलेले असल्याने त्याची अशक्तता चालकाला कधी जाणवलेलीच नसते. या दृष्टीने पाहता, वाजणारा ब्रेक हा एका परीने प्रामाणिक म्हणावयास हवा. न वाजता अडकून बसलेल्या पिना अधिक घातक.

प्रतिबंधाचा उपाय स्वस्त आहे. आठवड्यातून एकदा, मागे वाहन नाही हे पाहून, ताशी ५०-६० किमी वेगावरून काही वेळा मध्यम जोराने ब्रेक लावावा. पावसाळ्यात गाडी धुतल्यानंतर ती उभी करण्यापूर्वी असे केल्यास डिस्क कोरडी होते. नवे पॅड बसविल्यावर हीच कृती आठ-दहा वेळा, मधून मधून ब्रेक थंड होऊ देऊन करावी. पिनांचे वंगण आणि ब्रेकचा द्रव यांचा हिशेब किलोमीटरवर न ठेवता कालावधीवर ठेवावा. द्रव हवेतील बाष्प शोषतो आणि ही क्रिया गाडी उभी असतानाही चालूच असते. प्रत्येक देखभालीच्या वेळी चारही चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवून ती पावती गाडीत ठेवावी. वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या अशा दोन नोंदी समोर असल्या, तर कोणती पिन अडकू लागली आहे हे आवाज येण्यापूर्वीच सांगता येते.